खात्यातून आपोआप जाणारा हप्ता : बत्तीस महिन्यांच्या वापरानंतर

कर्जाचा हप्ता दरमहा ठरलेल्या तारखेला बचत खात्यातून परस्पर वळता करून घेणारी ‘ऑटो डेबिट’ सेवा आज जवळजवळ प्रत्येक कर्जाबरोबर येते, परंतु तिचे परीक्षण कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. साधा मिक्सर घ्यायचा झाला तरी आपण चार दुकाने फिरतो, शेजारणीला विचारतो. या सेवेचे मँडेट, म्हणजे खात्यातून पैसे वळते करून घेण्याची आपली लेखी परवानगी, मात्र कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात येते आणि विक्रेत्याने पेन्सिलीने जिथे फुली मारून ठेवलेली असते तिथे आपण सही करून मोकळे होतो. मीही तसेच केले. स्कूटरसाठी घेतलेल्या १,१५,००० रुपयांच्या कर्जाचे ३,८७० रुपयांचे ३६ हप्ते ठरले. त्यांपैकी ३२ गेले आणि ४ राहिले आहेत. एवढ्या काळात ही सेवा वापरणाऱ्याला काय देते आणि त्याच्याकडून काय काढून घेते याचा मला आलेला अनुभव, आणि त्या अनुभवानंतर कायद्याची पुस्तके व रिझर्व्ह बँकेची परिपत्रके वाचून जे समजले ते, येथे लिहीत आहे. माझे खाते ज्या बँकेत आहे तिचे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण दोघांनीही नियमाबाहेर काही केले असे मला म्हणायचे नाही. माझा आक्षेप सेवेच्या बांधणीवर आहे.

मी एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. घरापासून महाविद्यालय बावीस किलोमीटरवर आहे आणि सकाळी साडेसातच्या तासाला पोहोचवणारी एसटी नाही, म्हणून स्कूटर घ्यावी लागली. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे मानधन महिन्याच्या महिन्याला होत नाही, हे महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयाशी संबंध असलेल्या माणसाला ठाऊक आहे. देयके तयार होऊन, सहसंचालक कार्यालयातून मंजूर होऊन पैसे येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात आणि मग सगळे एकदम येतात. उत्पन्नाची रीत अशी, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला.

सेवा चालते कशी, ते आधी सांगते. असे बहुतेक हप्ते ‘नॅच’ या यंत्रणेवरून वसूल होतात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, ही संस्था ती चालवते. पूर्वीच्या ईसीएस या वजावटीच्या पद्धतीची जागा नॅचने घेतली. कर्ज देणारी कंपनी आपल्या बँकेमार्फत मागण्यांची यादी सादर करते, ती एनपीसीआयकडून ज्याच्या त्याच्या बँकेकडे जाते, खात्यावर पूर्ण रक्कम असेल तर ती वळती होते आणि एक रुपया जरी कमी असेल तरी मागणी जशीच्या तशी परत जाते. अर्धी रक्कम घेऊन उरलेली नंतर घेण्याची सोय तिच्यात नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालू असते, त्यामुळे मध्ये रविवार आला म्हणून पूर्वी मिळणारी एका दिवसाची सवडही आता मिळत नाही. यूपीआयवर अशीच सोय जुलै २०२० पासून ‘ऑटोपे’ या नावाने आली.

मँडेटच्या अर्जावरील दोन रकान्यांकडे सही करताना माझे लक्ष गेले नव्हते. पहिला रकाना रकमेचा असतो : ठरावीक रक्कम की कमाल रक्कम. माझ्या अर्जावर कमाल रक्कम निवडलेली होती आणि ती १०,००० रुपये होती, म्हणजे हप्त्याच्या अडीचपटीहून अधिक. दुसरा रकाना मागणी किती वेळा करायची याचा : मासिक, त्रैमासिक, सहामाही, वार्षिक आणि शेवटी ‘सादर होईल तेव्हा’. खूण शेवटच्या चौकटीत होती. या दोन खुणा एकत्र वाचल्या तर त्यांचा अर्थ असा होतो की कंपनी महिन्यातून हवी तितक्या वेळा, १०,००० रुपयांच्या आतील कोणतीही रक्कम मागू शकते, आणि बँकेच्या दृष्टीने माझी परवानगी त्या प्रत्येक मागणीला आधीच मिळालेली आहे. कर्जाच्या करारात हप्ता ३,८७० रुपयांचाच आहे हे खरे. पण यंत्रणा करार वाचत नाही, मँडेट वाचते.

सेवेचे गुण खरे आहेत आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. ३२ पैकी २९ महिने मला काहीही करावे लागले नाही. रांग नाही, धनादेश लिहिणे नाही, तारीख लक्षात ठेवणे नाही. माझ्यासारख्या कायम नोकरी नसलेल्या बाईला जामीनदाराशिवाय कर्ज मिळाले, ते हप्ता थेट खात्यातून येणार या भरवशावरच मिळाले. वीस वर्षांपूर्वी मला दोन कायम नोकरीवाले जामीनदार शोधत हिंडावे लागले असते. सगळ्यात मोठा गुण हा की वसुलीसाठी दारात कोणी येत नाही. गल्लीत उभे राहून शेजाऱ्यांच्या देखत आवाज चढवणे, नातेवाइकांना फोन करणे, शाळेत जाऊन मुलांना विचारणे, हे प्रकार ज्यांनी सोसले आहेत त्यांना या शांततेचे मोल कळेल. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर कर्जदाराला फोन करू नये असे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२२ मध्ये बजावावे लागले, ते अशा वागणुकीमुळेच. रोखीच्या काळातील वसुली सौम्य होती असे जे सरसकट बोलले जाते ते मला मान्य नाही.

तरीही त्या काळातील एक गोष्ट या सेवेत नाही, आणि ती मी लहानपणी रोज पाहिली आहे. माझ्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते आणि गावातल्या पतसंस्थेचे कर्ज ते पिग्मीतून फेडत असत. पिग्मी एजंट रोज दिवेलागणीला येत. धंदा झाला असेल तर वडील पन्नास रुपये देत, पावसाने दिवसभर गिऱ्हाईक आले नसेल तर दहा देत, आणि एखाद्या दिवशी नुसते ‘उद्या बघू’ म्हणत. एजंट मिळाले तेवढे वहीत लिहून, चहा घेऊन पुढच्या दुकानात जात. महिन्याअखेर एकूण आकडा किती झाला हे पतसंस्था पाहत असे आणि कमी पडला तर बोलावूनही घेत असे. ते कर्ज व्याजासह पूर्ण फिटले. फेडण्याचे बंधन तेवढेच होते. पण या महिन्यात आधी कोणाचे द्यायचे हे घर ठरवत असे. आजारपण असेल तर आधी औषध, जूनमध्ये आधी वह्या-पुस्तके, मग किराणा, मग कर्ज, आणि पुढच्या महिन्यात त्याची भरपाई. ऑटो डेबिटने हा क्रम माझ्या हातून काढून घेतला आहे आणि कर्ज देणाऱ्याला कायमचे पहिल्या जागी बसवले आहे. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यातला एक महिना सविस्तर सांगते. मानधन थकलेले होते. ५ तारखेला खात्यावर ३,४१२ रुपये होते, म्हणजे हप्त्याला ४५८ रुपये कमी. सकाळचा चहा होण्याआधीच मागणी परत गेल्याचा संदेश आला आणि पाठोपाठ बँकेने परतीचा आकार म्हणून ५०० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये कापले. शिल्लक २,८२२ राहिली. कंपनीच्या ॲपवर जाऊन निदान २,५०० रुपये तरी भरावेत असा प्रयत्न मी केला. ॲप पूर्ण हप्त्याखेरीज रक्कम घेत नव्हते. १० तारखेला कंपनीने तीच मागणी पुन्हा सादर केली. आता तूट १,०४८ रुपयांची झाली होती. मागणी परत गेली, पुन्हा ५९० गेले, शिल्लक २,२३२. १७ तारखेला तिसरी मागणी, तूट १,६३८, पुन्हा ५९०, शिल्लक १,६४२. कंपनीने आपला ५०० रुपयांचा आकार कर्जखात्यावर टाकला तो वेगळाच. ४५८ रुपये कमी पडले म्हणून २,२७० रुपयांचा भुर्दंड बसला, आणि हप्ता जागच्या जागीच राहिला.

या आकड्यांत जी गोष्ट मला सर्वांत अन्यायकारक वाटते ती ही की शिल्लक अपुरी असल्याबद्दलचा आकार त्याच अपुऱ्या शिलकेतून कापला जातो, त्यामुळे पुढची मागणी परत जाणे आणखी पक्के होते. तूट भरून काढण्यासाठी मी काही केले नाही असेही नाही. जे हाती होते ते देऊ केले आणि ते कोणी घेतले नाही. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने कर्जखात्यावरचा दंड वाजवी असावा, तो व्याजदरात मिसळू नये आणि त्यावर पुन्हा व्याज लावू नये असे बंधन घातले, आणि ते योग्यच झाले. परंतु तो नियम कर्ज देणाऱ्याने लावलेल्या दंडाबद्दल आहे. बचत खात्याच्या बँकेने लावलेला परतीचा आकार हा त्या बँकेच्या सेवाशुल्काच्या तक्त्यात बसतो. एकाच हप्त्यासाठी एकाच महिन्यात तीन वेळा आकार घेतला तर तो वाजवी म्हणायचा का, याचे उत्तर मला शाखेत मिळाले नाही.

त्या महिन्याची गोष्ट १७ तारखेला संपली नाही. २० तारखेला पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाने आईच्या इन्सुलिनसाठी २,५०० रुपये यूपीआयने पाठवले. शिल्लक ४,१४२ झाली. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातून येताना औषधे घ्यायची असे मी ठरवले होते. २१ तारखेच्या सकाळी चौथी मागणी आली आणि या वेळी ती पूर्ण झाली. खात्यावर २७२ रुपये उरले. औषध दुकानदार वडिलांच्या ओळखीचे होते. त्यांनी वहीवर लिहून घेतले आणि इन्सुलिन दिले, म्हणून निभावले.

भावाने ते पैसे आईसाठी पाठवले होते आणि ते पाठवताना तसे लिहिलेही होते. खात्याला हा भेद कळत नाही. आपल्याकडे घराघरांत पैशांचे डबे वेगळे असतात : दुधाचे वेगळे, शाळेचे वेगळे, आजारपणासाठी कपाटात साडीच्या घडीत ठेवलेले वेगळे. अर्थशास्त्राच्या वर्गात मी शिकवते की पैसा हा पैशासारखाच असतो, त्याला रंग नसतो. परंतु तुटपुंज्या उत्पन्नाचे घर चालते ते या डब्यांमुळेच. नोटा हातात असत्या तर ते २,५०० रुपये आईच्या डब्यात गेले असते आणि स्कूटरचा हप्ता आणखी दहा दिवस थांबला असता. रोख पैसा नाहीसा होतो तेव्हा हे डबेही एकाच खात्यात रिते होतात, आणि त्या खात्याची किल्ली आपल्याबरोबर दुसऱ्याकडेही असते.

मी शाखेत जाऊन मँडेट दोन महिन्यांपुरते थांबवता येईल का, किंवा तारीख पुढे नेता येईल का असे विचारले. कंपनीचे पत्र आणा, असे सांगण्यात आले. कंपनीच्या सेवा केंद्रावर फोन केला, तर ते बँकेच्या हातात आहे, असे उत्तर मिळाले. शाखेतल्या तरुण कर्मचाऱ्याने माझे म्हणणे आस्थेने ऐकून घेतले हे मला नमूद केलेच पाहिजे. पण त्याच्या संगणकावर आस्थेसाठी कुठलाही रकाना नव्हता. पिग्मी एजंटजवळ तो होता, कारण तिथे वही आणि माणूस एकाच ठिकाणी होते.

कायद्याची बाजू त्यानंतर वाचली. पहिली गोष्ट समजली ती धक्कादायक होती. धनादेश वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली खटला होतो हे सगळ्यांना माहीत असते. परंतु पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, २००७ याच्या कलम २५ नुसार देणे फेडण्यासाठीची इलेक्ट्रॉनिक वजावट अपुऱ्या शिलकेमुळे परत जाणे हाही तसाच गुन्हा आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अर्थात हे एकदम होत नाही. धनकोने ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली तर गुन्हा ठरत नाही. तरीही मँडेटवर सही करणाऱ्या किती जणांना याची कल्पना असते? मला नव्हती, आणि मी महाविद्यालयात शिकवते.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ याच्या कलम ६० मध्ये, न्यायालयाने हुकूमनामा दिल्यानंतरही ऋणकोच्या कोणत्या वस्तूंवर जप्ती आणता येत नाही याची यादी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे, बैल आणि बियाणे, मजुराची मजुरी, भविष्य निर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन. पगाराच्या बाबतीत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्तीबाहेर ठेवले आहेत. पोटगीच्या हुकूमनाम्याला निराळा नियम आहे. ही यादी वाचताना असे जाणवते की ज्यांनी ती लिहिली त्यांना कर्जबुडव्याचे लाड करायचे नव्हते. माणूस उद्या उठून कामाला जाऊ शकला पाहिजे, तरच तो कर्ज फेडेल, एवढा साधा विचार त्यामागे आहे. याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की या संरक्षणावर पाणी सोडण्याचा करार ऋणकोने केला तरी तो करार निरर्थक समजावा. माणूस गरजेपोटी कशावरही सही करील हे कायद्याने ओळखले होते.

मँडेटची जागा या चौकटीच्या बाहेर आहे. ती जप्ती नसून माझी स्वतःची आगाऊ संमती आहे, म्हणून तिला हुकूमनामा लागत नाही, सुनावणी लागत नाही आणि कलम ६० ची यादीही लागू होत नाही. कागदावर हे बरोबर असेल. व्यवहारात मात्र खटला जिंकलेल्या सावकारालाही जे हात लावता आले नसते ते, खटला न करता, पहाटे वळते होते. रोख पैसा भरपूर फिरत होता तोवर या तफावतीचा चटका फारसा बसत नसे, कारण पगार घरी पाकिटात येत असे आणि वसुलीला माणसाच्या हातातून जावे लागत असे. आता पगार, मानधन, अनुदान, भावाने पाठवलेले पैसे, शिकवणीची फी, सगळे एकाच वाटेने येते आणि वसुली त्या वाटेच्या तोंडाशी उभी असते.

आपल्या प्रांतात हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जखते आणि हुकूमनामे जाळले, आणि ते लोण नगर जिल्ह्यातही पोहोचले. सावकार पूर्वीही होते आणि व्याजही जबर होते. नवीन होते ते इंग्रजी दिवाणी न्यायालय, ज्यात खतावरच्या अंगठ्याकडे पाहून हुकूमनामा मिळे आणि जमीन जाई. वसुलीचे साधन एकाएकी इतके धारदार झाले की जुन्या व्यवहारातील सवड, मुदत, पंचांचे मध्यस्थीचे शब्द, सगळे निरुपयोगी ठरले. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आणला, ज्याने न्यायालयांना खतामागचा सगळा व्यवहार तपासण्याची मुभा दिली आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणे थांबवले. साधनाची धार वाढली की ऋणकोच्या संरक्षणाचीही फेररचना करावी लागते, हे त्या वेळच्या परक्या सरकारलाही चार वर्षांत समजले होते.

आजचे दाखलेही घरातलेच आहेत. पीककर्ज थकले म्हणून शेतकऱ्याच्या बचत खात्याला ‘होल्ड’ लावला जातो, आणि मग पीकविम्याची भरपाई किंवा अतिवृष्टीचे अनुदान त्या खात्यावर दिसते पण काढता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांना बँकांना पत्र लिहून असे करू नका म्हणून सांगावे लागते, हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये महिलांच्या खात्यांत जमा झाले तेव्हा काही बँकांनी जुनी थकबाकी आणि किमान शिलकेचे आकार त्यातून कापल्याच्या तक्रारी आल्या, आणि ही रक्कम कर्जखात्यात वळती करू नये असे राज्य शासनाला सांगावे लागले. दरवेळी कोणीतरी वरून सूचना काढावी लागते, याचा अर्थ यंत्रणेत स्वतःहून थांबण्याची जागा नाही. हप्त्यावर घेतलेला मोबाइल हप्ता चुकताच दुरून बंद करण्याची जी सोय निघाली आहे ती याच मालिकेतली, आणि ज्या घरात मोबाइल हेच पाकीट झाले आहे तिथे ती मला जप्तीहून कठोर वाटते.

माझ्या ओळखीतले कितीतरी लोक पगार झाल्याचा संदेश आला की त्याच रात्री एटीएम गाठून सगळी रक्कम काढून आणतात. बँकवाले त्याला लबाडी म्हणतात. काहींची असेलही. परंतु मी ज्यांना जवळून पाहिले त्यांतले बहुतेक जण हप्ता बुडवत नाहीत. आठ-दहा दिवसांनी स्वतः जाऊन भरतात, दंडासकट भरतात. त्यांना फक्त आधी घरभाडे आणि दुकानाचा माल यांचे पैसे बाजूला ठेवायचे असतात. म्हणजे आज वसुलीची कठोरता सोसवते ती रोख पैशाची ही एक फट शिल्लक आहे म्हणून. ती बुजवायची असेल तर तिच्यामुळे मिळणारे संरक्षण नियमांत आधी लिहिले गेले पाहिजे.

कर्ज देणाऱ्यांची बाजू मी विसरलेली नाही. महाराष्ट्रात थकलेल्या कर्जांपायी पतसंस्था आणि नागरी बँका बुडालेल्या आहेत आणि त्यांत निवृत्त शिक्षकांच्या, विधवांच्या ठेवी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. वसुली ढिली झाली तर त्याची किंमत असा ठेवीदार मोजतो. म्हणून हप्ता आपोआप जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. किती राखून जावा आणि एकदा परत गेला तर पुढे काय व्हावे, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरे इतरत्र दिली गेली आहेत. जर्मनीत १ जुलै २०१० पासून कोणालाही आपले चालू खाते जप्तीपासून संरक्षित खात्यात बदलून घेता येते; त्यातील एक मूळ रक्कम, २०२४ मध्ये ती दरमहा सुमारे १,५०० युरो होती, धनकोला मिळतच नाही, आणि अवलंबून असलेली माणसे असतील तर ती वाढते. अमेरिकेत मे २०११ पासून खात्यावर जप्ती आली की मागील दोन महिन्यांत जमा झालेले सामाजिक सुरक्षेसारखे केंद्रीय लाभ बँकेने स्वतःहून वगळायचे असतात. युरोपातील सामान्य थेट वजावट ग्राहकाला कारण न सांगता आठ आठवड्यांच्या आत परत मागता येते. त्याने देणे संपत नाही, पण पैसा आधी घरात येतो आणि मग बोलणी होतात. ही सगळी संगणकावर चालणारीच व्यवस्था आहे. आपल्याकडेही शिल्लक तपासणाऱ्या यंत्राला ‘एवढी रक्कम सोडून’ असे सांगणे अवघड असणार नाही.

या सेवेला मी पाचपैकी अडीच गुण देते. नियमित पगार असणाऱ्याने ती निर्धास्त वापरावी. त्याला कदाचित साडेचार द्यावेसे वाटतील आणि ते बरोबरच असेल. ज्याचे उत्पन्न हंगामावर, बिलावर किंवा मंजुरीवर अवलंबून आहे त्याने सही करण्याआधी रकमेच्या रकान्यात ठरावीक रक्कम आणि वारंवारितेत मासिक असे लिहून घेण्याचा आग्रह धरावा, आणि ज्या खात्यात घरचे पैसे येतात ते खाते मँडेटला देऊ नये. मी त्या पावसाळ्यानंतर दुसऱ्या बँकेत एक साधे खाते उघडले. मानधन, भावाचे पैसे, शिकवणीची फी आता तिथे येते, आणि दर महिन्याच्या ३ तारखेला मी हप्त्यापुरते ३,९०० रुपये जुन्या खात्यात पाठवते. तेव्हापासून एकही मागणी परत गेलेली नाही. आधी कोणाचे द्यायचे हे ठरवण्याचे दोन दिवस मला त्यातून परत मिळाले आहेत.

शेवटचा हप्ता येत्या जूनमध्ये आहे. मँडेटच्या अर्जावर शेवटची तारीख मात्र २०४९ मधली छापलेली आहे, हे मला अर्जाची प्रत मागवून घेतल्यावर दिसले. कर्ज फिटल्यावर कंपनीकडून ना हरकत दाखला घेताना मँडेट रद्द झाल्याची लेखी पोचही मागायची आणि ती घेऊन बँकेत स्वतंत्र अर्ज द्यायचा, असे दोन्ही अर्ज मी आताच लिहून ठेवले आहेत.